नवीन नोडवर पिंग जातंय पण मोठा डेटा अडकतोय

प्रश्न:
मंडळी, दोन दिवस झाले डोकं धरून बसलोय. ओपनस्टॅक क्लाउडवर कुबरनेटिस (कंटेनर चालवणारं) क्लस्टर आहे, नोडवर (म्हणजे मशीनवर) उबुंटू, पॉडचं (कंटेनरच्या गटांचं) नेटवर्क फ्लॅनेलचं, व्हीएक्सलॅन मोडवर (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून पाठवणारा). जुने तीन नोड मस्त चालतायत, परवा अजून दोन वर्कर जोडले, त्यांना फिक्स आयपी हवा होता म्हणून डीएचसीपी (आपोआप आयपी देणारी सेवा) बंद करून नेटप्लॅनची (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगची) फाइल हाताने लिहिली, आयपी, गेटवे, डीएनएस सगळं बरोबर, पिंग जातंय, नोड रेडी दिसतायत. पण या दोन नव्या नोडवरचे पॉड एकमेकांशी बोलायला लागले की कनेक्शन होतं आणि रिस्पॉन्स मोठा असला की तिथंच लटकतं, एरर पण नाही, नुसता टाइमआउट. नव्या-जुन्या नोडमध्ये मात्र सगळं सुरळीत! सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलचे नियम) तीनदा तपासले.

उत्तर १:
एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) बघा आधी. जुन्या नि नव्या नोडचा आकडा इथे टाका. आणि नव्यावरून नव्याला डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) लावून १४७२ साइजचा पिंग मारा (हेडरचे २८ धरून १५००), मग १४२२ चा (म्हणजे १४५०).

प्रश्नकर्ता:
जुन्यांवर १४५०, नव्यांवर १५००. १४७२ ला उत्तरच नाही, १४२२ लगेच गेला. जुन्या नोडवरून १४७२ मारला तर तो जागेवरच ‘मेसेज टू लाँग’ म्हणतो. पण मी तर एमटीयूला हातच लावला नव्हता?

उत्तर १:
म्हणूनच झालंय. तुमचं ओपनस्टॅक नेटवर्क स्वतःच व्हीएक्सलॅनवर दिसतंय, त्यात ५० बाइट जातात, उरले १४५०, आणि हा आकडा नोडला डीएचसीपी सांगतो. तुम्ही डीएचसीपी काढला, सांगणारं कोणी राहिलं नाही, नेटवर्क कार्डाने नेहमीचं १५०० धरलं. फ्लॅनेल त्यातून आणखी ५० कापतो, म्हणजे जुन्या पॉडना १४००, नव्यांना १४५०. नव्या पॉडचं भरलेलं पॅकेट गुंडाळलं की १५०० होतं आणि वाटेत टाकून दिलं जातं, तो भाग लेयर २ चा (आयपीच्या खालच्या थराचा), त्यामुळे परत कोणी कळवत नाही. जुन्यांशी चालतं कारण टीसीपी जोडतानाच दोघं आपापला एमएसएस (एका पॅकेटात किती डेटा घेऊ तो आकडा) सांगतात आणि लहान आकडा पाळला जातो.

उत्तर २:
वरचं अगदी बरोबर. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली एमटीयू १४५० लिहा, पण थेट अप्लाय करू नका, ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं. मी एकदा घाईत अप्लाय मारून एसएसएच (दुरून लॉगिन) घालवून बसलोय, रात्री दीडला कन्सोल शोधत होतो. नंतर दोन्ही नोड ड्रेन करून (पॉड तिथून हलवून) फ्लॅनेल रीस्टार्ट करा, तो एमटीयू सुरू होतानाच वाचतो आणि आधीचे पॉड जुनाच आकडा धरून बसतात.
आणि खरं सांगू का, फिक्स आयपीसाठी डीएचसीपी काढायची गरजच नव्हती. ओपनस्टॅकमध्ये पोर्टलाच (नोडच्या आभासी नेटवर्क जोडणीला) आयपी ठरवून द्या, मग डीएचसीपी दरवेळी तोच देतो, एमटीयूसकट.

प्रश्नकर्ता:
झालं! दोन्हीकडे १४५० केलं, ड्रेन, फ्लॅनेल रीस्टार्ट, आता फ्लॅनेलच्या इंटरफेसवर १४०० दिसतंय आणि जो रिपोर्ट सकाळपासून लटकत होता तो दोन सेकंदांत आला. पुढचा नोड पोर्टवरच आयपी देऊन लावणार. दोघांचे मनापासून आभार.