ट्यूबची वॉरंटी अन् बोअरचं पाणी
दादा, तुम्ही विचारलंय की सोलर वॉटर हीटरची काचेची ट्यूब वर्षाच्या आत गेली तर बसवणाऱ्यानं कंपनीला काय दाखवायचं. आधी ट्यूबचं खालचं टोक बघा, तिथं आतून बेरियमचा चंदेरी थर असतो, तो पांढरा पडला म्हणजे व्हॅक्यूम, म्हणजे काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी, गेला, मग पाणी कोमटच राहतं. तो फोटो सिरीयल नंबरसकट लगेच पाठवा. टाकी गळाली की मात्र हे कंपनीवाले सरळ बोअरच्या जड, म्हणजे क्षाराच्या पाण्यावर ढकलायलेत, आता लातूर-बीडकडं बोअरशिवाय आहे काय राव? म्हणून बसवायच्या आधीच पाण्याचा रिपोर्ट काढून बिलाला जोडत जा. अन् माल फुकट बदलून दिला तरी गाडीभाडं, मजुरी कोण देणार ते डीलरकडून लिहूनच घ्या, गिऱ्हाईक शेवटी आपल्यालाच धरतंय.