मदत हवी आहे: ‘किमान वेतन मागणार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय, आता काय?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या, आठ जणांकडून ‘ठरलेली हजेरी (रोजची मजुरी) मान्य, किमान वेतन मागणार नाही’ असं लिहून घेतलंय. मालक म्हणतात, धंद्याचं स्वातंत्र्य घटनेनंच दिलंय, राजीखुशीच्या करारात सरकारचं काम काय? तिघे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून येतात. त्यांना महाराष्ट्राचा दर मिळेल का? दावा कुठं करायचा?

उत्तर १:
त्या ओळीला काडीची किंमत नाही. जुन्या किमान वेतन कायद्याच्या कलम २५ नं असा करार रद्दबातल होता, त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेच्या कलम ६० नंही तो तसाच आहे. अनुच्छेद १९ धंद्याचं स्वातंत्र्य देतो, पण त्याचाच खंड (६) वाजवी निर्बंध घालू देतो. बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात (१९५४) तर कामगारच कमी पगारावर यायला तयार होते. तरी सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला: पिळवणूक थांबवायची तर कराराच्या स्वातंत्र्याला लगाम हवाच. १९८२ च्या एशियाड (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या) कामगारांच्या निकालानं पुढची पायरी गाठली. पोटासाठी किमान वेतनाहून कमीवर राबणं ही अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरीच.

सरकारलाही मर्यादा आहेत. एक्सप्रेस न्यूजपेपर्स खटल्यात (१९५८) पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या वेतन मंडळाचा निर्णय रद्द झाला, कारण वृत्तपत्र उद्योगाची ऐपत पाहिलीच नव्हती. पण तो मुद्दा किमान वेतनाच्या वरच्या पगाराचा. किमान दराला ‘परवडत नाही’ हे उत्तर चालत नाही.

उत्तर २:
दर कामाच्या जागेचा, घराचा नव्हे. उद्यमबाग म्हणजे कर्नाटकचा दर आणि दावाही बेळगावच्या कामगार खात्याकडं. हेच काम सीमेपलीकडं, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत असतं तर महाराष्ट्राचा दर लागला असता.

हिशेब बहुतेकदा चुकतो तो महागाई भत्त्यात. मूळ दर अधिक भत्ता मिळून किमान वेतन होतं, आणि कर्नाटकात भत्ता १ एप्रिलला बदलतो, म्हणून मार्चपर्यंतचा आणि पुढचा फरक वेगळा काढा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, स्वतंत्र रकान्यात. संहितेखाली दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि भरपाई फरकाच्या दहा पटींपर्यंत मिळू शकते.

पासबुक, हजेरी कार्डाचे फोटो, त्या स्टॅम्पपेपरची प्रत जोडा. बँकेत पूर्ण पगार जमा करून दुसऱ्या दिवशी रोख परत घेत असतील, तर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा, नाहीतर पासबुक मालकाचाच पुरावा होतं. आणि कोऱ्या व्हाउचरवर सही अजिबात नको.