मदत हवी आहे: बाबांच्या किडनीसाठी एन्झाइमच्या कॅप्सूल द्याव्यात का?

बाबांना बरीच वर्षं डायबेटिस आणि बीपी. ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा, कमी म्हणजे वाईट) ४६ होता, परवाच्या रिपोर्टात ४१. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीनही जातंय. टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि ॲस्पिरिन चालू आहे.

एका नातेवाइकांनी त्यांच्या डोक्यात 'सिस्टेमिक एन्झाइम'चं खूळ भरवलंय. डबीवर सेरापेप्टेज, नॅटोकायनेज, ब्रोमेलेन अशी नावं. रिकाम्या पोटी घ्यायच्या, म्हणे किडनीतलं फायब्रोसिस (व्रणासारखा कडक झालेला भाग) विरघळतं! मला पटत नाही. एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, ते पोटात पचणार. कोटिंगमुळे आतड्यापर्यंत टिकलं तरी किडनीपर्यंत पोचणार किती? पण बाबा हटून बसलेत, कारण मागे ऑपरेशननंतर सूज उतरायला ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन डॉक्टरांनीच दिलं होतं.

कोणाला रिपोर्टमध्ये खरंच फरक दिसलाय का? आणि फॅब्री आजारात एन्झाइम देतात असं वाचलं, ते यांना चालेल का?

प्रतिसाद १:
फॅब्री जन्मजात असतो. त्यात अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए हे एन्झाइम कमी पडतं आणि जीबी३ नावाचा स्निग्ध पदार्थ किडनीत साठत जातो. म्हणून तेच एन्झाइम साधारण दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. युरोपात २००१ पासून मंजूर आहे. डायबेटिसमुळे बिघडलेल्या किडनीत अशी उणीवच नसते, मग भरून काय काढणार? बाकी नॅटोकायनेज गुठळी विरघळवणारं आहे. ॲस्पिरिनवर ते चढवलं तर रक्तस्रावाची भीती. डबीच घेऊन जा नेफ्रोलॉजिस्टकडे.

प्रतिसाद २:
डापाग्लिफ्लोझिन कधी सुरू केलं? सुरुवातीला ईजीएफआर थोडा खाली येतो आणि मग घसरण मंदावते, हे माहितीतलं आहे. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत ४३०४ रुग्ण होते, त्यात किडनी निकामी होण्याचं प्रमाण या औषधाने स्पष्ट कमी झालं. गंमत अशी की आत्ता कॅप्सूल सुरू केल्या आणि आकडा स्थिरावला, तर सगळं श्रेय कॅप्सूलला जाईल. मग नातेवाईक पुढच्या घरी तुमच्या बाबांचं उदाहरण देणार.

धागाकर्ता:
अरे! ४६ चा रिपोर्ट डापा सुरू होण्याआधीचाच आहे. हे डॉक्टरांना विचारतो. कॅप्सूल तोवर कपाटात. बाबांना ॲस्पिरिनचं कारण सांगितलं, ते पटलं. लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन किती जातंय ती तपासणी) परत कधी करतात, की ईजीएफआरबरोबरच?