वेग घेताना गाडी 'कुंईंईं' करते, गिअरबॉक्स उघडू का? (ठाणे / नवी मुंबई)

वाघबीळकर
डिझेल हॅचबॅक, 2014 ची, 92,000 किमी झालेत. गेल्या पंधरा दिवसांपासून ॲक्सिलरेटर दाबला की पुढून बारीक, रडका आवाज येतो. माजिवड्याकडे जाताना उड्डाणपूल चढायला लागलो की सुरू, उतरताना पाय काढला की गप्प. बायको म्हणते, शेजारणीचा मिक्सर गाडीत आणून ठेवलायस. पिकअप ठीक आहे, धूर नाही, डॅशबोर्डवर बत्ती नाही.
घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्सची बेअरिंग गेली. उतरवावा लागेल, पस्तीस हजार धरून चला." बॉनेट उघडलंसुद्धा नाही. ठाण्यात किंवा ऐरोली-घणसोलीकडे कोणी भरवशाचा मेकॅनिक सुचवाल का?

पामबीच_प्रवासी
मेकॅनिक नंतर. आधी सांगा, उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस दिली तर आवाज येतो का? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणालाही एक नट खोलू देऊ नका.

टर्बोभाऊ
डिझेल आहे म्हणजे टर्बो. माझ्या मित्राची अशीच वाजायची, शेवटी टर्बो बदलला. पाचशे रुपयांचं ॲडिटिव्ह टाकून बघा.

दोन_नंबर_पाना
टर्बोभाऊ, बेअरिंगचा आवाज ॲडिटिव्हने गेलेला मी तरी पाहिला नाही. टर्बोची हलकी शिट्टी मुळात असतेच. पाइप फाटून हवा गळत असेल तर फुसकारा येतो, पिकअप मरतो आणि बहुतेकदा काळा धूर दिसतो. यांची गाडी तर नीट ओढतेय.

वाघबीळकर, पामबीचवाल्यांचा प्रश्न बरोबर आहे. न्यूट्रलमध्ये रेस देऊनही आवाज आला, तर तो इंजिनच्या वेगाशी बांधलेला आहे: अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्ट ताणून धरणाऱ्या, वळवणाऱ्या चकत्या), वॉटर पंप, एसी कॉम्प्रेसर. तसाच चालू असताना क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय. उलट दाबल्यावरच आला तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

उभ्या गाडीत काहीच नसेल तर मोकळ्या रस्त्यावर 50-60 ला न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या (इग्निशन बंद करायचं नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात). आवाज राहिला तर टायर किंवा व्हील बेअरिंग. व्हील बेअरिंग कुईं करत नाही, 'घूं' करतं, आणि वळणावर एका बाजूला भार गेला की कमी-जास्त होतं. फक्त गिअरमध्ये, ओढ पडल्यावरच कुईं आली तर मात्र गिअर ऑइलची पातळी आणि ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील बघायचे. तेव्हासुद्धा आधी ऑइल, मग गिअरबॉक्स उतरवायची भाषा.

वाघबीळकर
आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलं. वॉचमन येऊन विचारून गेला. न्यूट्रलवर 2,000 आरपीएमच्या पुढे रेस दिली की तोच आवाज! क्लच दाबून, सोडून काहीही फरक नाही. म्हणजे गिअरबॉक्स सुटला?

दोन_नंबर_पाना
जवळजवळ. आता एसी बंद ठेवून हेडलाइट, पंखा फुल आणि मागच्या काचेचा हीटर लावा. एसी लावला तर कॉम्प्रेसरपण भरीला येतो आणि काही कळत नाही.

ऐरोलीचे_काका
लाइट लावल्यावर आवाज चढला तर अल्टरनेटर, माझं मत; विजेचा भार त्याच्यावरच पडतो. त्याची पुली छोटी असते, इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरते. इंजिन 2,500 वर असताना तो सात हजारांच्या आसपास असतो, म्हणून आवाज इतका बारीक लागतो.
खात्रीसाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दांडा कानाच्या हाडाला. बाही वर करा, ओढणी-साखळी काही लोंबकळू देऊ नका, बेल्ट फिरत असतो. धीर नसेल तर हे काम मेकॅनिकला द्या. तो बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवेल. आवाज गेला तर बेल्टवरच्याच कुठल्यातरी भागाचा. मग एकेक पुली हाताने फिरवायची, जिला खरखर लागेल ती चोर. जास्त वेळ चालवायचं नाही, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो.
गॅरेजपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. वागळे इस्टेटमध्ये एकजण माझ्या माहितीतला आहे, व्यनि (खासगी निरोप) करतो. अख्खा अल्टरनेटर बदलू नका, बेअरिंग सुटी मिळतात. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. 6303 असेल तर शेवटचे 03 म्हणजे आतलं भोक 17 मिमी. तोच नंबर, दोन्ही बाजूंनी रबरी सीलवाला, चांगल्या कंपनीचा घ्या. नकली माल खूप आहे.

वाघबीळकर
काका, दंडवत! लाइट लावल्यावर स्पष्ट चढला. शनिवारी वागळे इस्टेटला गेलो. त्यांनी बेल्ट काढला, इंजिन शांत. अल्टरनेटर उघडला तर मागचं बेअरिंग कोरडं ठणठणीत, ग्रीसचा पत्ता नाही. "पाण्यातून गाडी घातली होती का?" हा पहिला प्रश्न. गेल्या पावसात कापूरबावडीजवळ घातली होती खरी. दोन्ही बेअरिंग आणि झिजलेले कार्बन (अल्टरनेटरचे ब्रश) बदलले, बेल्टला भेगा होत्या म्हणून तोही नवा. मजुरीसकट 2,600. बॅटरीवर आता 14.1 व्होल्ट दिसतात. दोन तास गेले, त्यातला अर्धा तास चहात.
परत येताना त्या पहिल्या गॅरेजसमोरून मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये आलो. बालिशपणा आहे, पण आलो.

सानपाडा_७
धागा चोरतेय, माफ करा. माझी जुनी सेडान फक्त स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की कण्हते. तेही अल्टरनेटर?

दोन_नंबर_पाना
ताई, गाडीत हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर आधी त्याच्या डबीतलं ऑइल बघा. कमी किंवा फेसाळलेलं असेल तर पंप हवा ओढतोय. नुसतं भरून सोडू नका, गळतं कुठून ते शोधा. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर ही डबीच नसते, मग नवीन धागा काढा.