मदत हवी आहे: सावल्यांनी घाबरवणारे जुने सिनेमे

परवा रात्री दिवे मालवून ‘कॅट पीपल’ (१९४२) पाहिला. तेव्हापासून तो पोहण्याच्या तलावाचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये. नायिकेच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस एकटी पाण्यात, लाटांचा उजेड भिंतींवर आणि छतावर हलतोय, कुठूनतरी गुरगुर ऐकू येते, सावली सरकल्यासारखी वाटते. बास, एवढंच! दिवा लागतो तर काठावर नायिका इरिना शांतपणे उभी. रस्त्यावरच्या प्रसंगात मागून येणारा टाचांचा आवाज एकदम थांबतो तेव्हा तर... जाऊ दे, न पाहिलेल्यांचा विरस नको.

आता अडचण. माझ्या टीव्हीवर काळं काळं दिसतच नाही, नुसता राखाडी चिखल. ब्राइटनेस उतरवला की चेहरेही बुडतात. सगळा खेळच अंधाराचा असताना हे फार खटकतं. नेमकी कुठली सेटिंग बदलू? सिनेमा मोडने फरक पडतो का?

आणि काहीच न दाखवता घाम फोडणारं अजून काय पाहू? ‘द इनोसंट्स’ (१९६१) आणि ‘द हाँटिंग’ (१९६३) यादीत आहेत. आधी कुठला? रक्तबंबाळ काही सुचवू नका, प्लीज.