न्याहारीचा फ्रेंच टोस्ट, मोसंबी-लिंबाच्या चवीचा : अनुभव धागा

आंबे बहराची, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमारास फुललेली, मोसंबी आली की पाचोडपासून जालन्यापर्यंत ढीग लागतात. घरोघर रस निघतो आणि साली उकिरड्यावर जातात. वास तर सालीतच असतो! २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आपल्या स्वयंपाकघरात तिची साल अजून पोचलेली नाही. फ्रेंच टोस्ट, म्हणजे अंडी-दुधाच्या मिश्रणात बुडवून तव्यावर भाजलेला ब्रेड, हा तिला आत आणायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. प्रमाण लिहा, वेळ लिहा, काय बिघडतं आणि का बिघडतं तेही लिहा. नुसतं 'छान लागतं' एवढ्यावर थांबू नका.

सुरुवातीला मूळ प्रमाण देते. दोन सेंटीमीटर जाडीच्या चार स्लाइससाठी दोन अंडी, १२० मिली सायीचं दूध, दीड टेबलस्पून साखर, एका मोसंबीच्या सालीचा कीस आणि चिमूटभर मीठ. कीस आणि साखर आधी कोरड्या वाडग्यात बोटांनी दोन मिनिटं चोळायची. साखर ओलसर होते, तिला रंग चढतो, वास हाताला लागतो. सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या साखरेच्या कणांनी फुटतात म्हणून हे घडतं. कीस थेट दुधात टाकला तर बराचसा वास सालीतच अडकून राहतो. मग त्यातच अंडी फोडून फेटायची आणि शेवटी दूध. मीठ वगळू नका, ते कडवटपणा दाबतं.

अंबडहून

किसण्यातच निम्मं काम बिघडतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर. बारीक दातांची किसणी हवी, गाजराची नको. एका जागेवरून एकदाच ओढायचं आणि फळ फिरवायचं. पांढरं दिसलं की तिथं थांबायचं. तो पांढरा थर कडू असतो आणि त्यात वास काहीच नसतो.

मोसंबी कोमट पाण्यात घासून धुवा. फळ फार चकाकत असेल तर वरून मेणाचा थर दिलेला असू शकतो, अशा वेळी जरा जास्त घासावं लागतं. धुतल्यावर पूर्ण कोरडी करा. ओली साल किसली की कीस किसणीलाच लगद्यासारखा चिकटतो. हिरवी साल चालते, तिचा वास जरा उग्र, लिंबाकडं झुकणारा. पिवळ्या सालीचा गोडसर. दोन्ही मिळाल्या तर निम्मी-निम्मी घ्या.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसताना फाटते. संत्रं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की साल ताठ होते. आणि काहीही झालं तरी किसणं आधी, रस नंतर. पिळलेलं फळ किसता येत नाही.

परभणीहून

सगळ्यांची एकच तक्रार : दूध फाटायलंय. लिंबाचा रस दुधात घातला तर फाटणारच, आपण पनीर तसंच करतो. आंबटपणा एका मर्यादेपुढं गेला की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन गोळा होतं. त्या गुठळ्या ब्रेडमध्ये शिरत नाहीत, तव्यावर पडून करपतात, आणि स्लाइसमध्ये नुसतं पाणी मुरतं.

मोसंबीत आंबटपणा फार कमी, त्यामुळं वरच्या प्रमाणात दोन टेबलस्पून ताजा रस खपून जातो. तेवढंच दूध कमी करा. दूध फ्रिजमधलं थंड असू द्या, गरम दूध लवकर फाटतं. संत्रं आंबट निघालं तर एक टेबलस्पूनवर थांबा. लिंबाचा रस मिश्रणात अजिबात नको, त्याची साल पाव चमचा पुरे. लिंबाचा रस टोस्ट ताटात आल्यावर पिळायचा.

छत्रपती संभाजीनगरहून

कडूपणाचं दुसरं कारण कुणी लिहिलं नाही. मोसंबीचा रस काढताना गोड असतो आणि तासाभरानं कडवट लागायला लागतो. फळात एक बेचव घटक असतो. फळ पिळल्यावर रसाच्या आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू. उकळलं की ते आणखी लवकर होतं. मिक्सरमध्ये बिया आणि पांढरी साल भरडली गेली तर विचारूच नका. म्हणून रस हातानं पिळून, गाळून, लगेच वापरायचा. रात्री काढून ठेवलेला रस सकाळी टोस्टला घेऊ नका.

वरून घालायच्या पाकाचंही तेच. मोसंबीचा रस आटवून पाक करू नये. अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी पाण्याचा एकतारी पाक करा, गॅस बंद करा, दोन मिनिटांनी तीन टेबलस्पून ताजा रस आणि एक चमचा लिंबाचा रस घाला. पाक पातळ वाटेल, तसाच हवा. साखरेऐवजी गूळ घेतला तर लिंबू थोडं वाढवा, पण गुळाचा वास सालीच्या वासावर बसतो, हे लक्षात असू द्या.

नांदेडहून

ब्रेड. पाकिटातला पातळ स्लाइस पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त बुडवला की उचलताना तुटतो. बेकरीतून अख्खा ब्रेड आणून घरी जाड कापा. जाड स्लाइसला एका बाजूनं वीस सेकंद, मग उलटून वीस. मधोमध बोटानं दाबून बघा, कोरडं लागलं तर आणखी दहा.

आदल्या दिवशीचाच ब्रेड घ्या. ताज्या ब्रेडची जाळी मऊ असते, दूध शोषलं की बसते आणि आत गिळगिळीत राहतं. मात्र एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कोरड्या हवेत कापलेला ब्रेड रात्रभर उघडा ठेवला तर कडक होऊन तडकतो; कापडाखाली दोन तास बास. पावसाळ्यात उलट, वाळतच नाही आणि बुरशी धरतो. तेव्हा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं शेकून पूर्ण गार करा. लादी पावही चालतो, आडवा कापून, पण त्याला दहा सेकंदांच्या वर बुडवू नका.

उन्हाळ्यात अंड्याचं मिश्रण ओट्यावर ठेवू नका, दोन घाण्यांच्या मध्ये फ्रिजमध्ये ठेवा.

बीडहून

ऑरेंज इसेन्सनं काम होईल का? इथं उन्हाळ्यात संत्री नीट मिळत नाहीत.

अंबडहून

होईल, दोन थेंब. पण लिंबू तर बारा महिने मिळतं! एका कागदी लिंबाची साल हलक्या हातानं किसा. ती पातळ असते, पांढरा थर लगेच लागतो.

लातूरहून

तवा. वरून काळा, आत कच्चा, ही तक्रार मोठ्या आचेची. मिश्रणात साखर आणि दूध दोन्ही आहेत, दोन्ही लवकर करपतात. बिडाचा तवा मध्यम आचेवर चार मिनिटं तापवा, मग आच मंद करा. एक चमचा तूप घाला. नुसतं लोणी घेतलं तर त्यातला दुधाचा अंश पहिल्याच घाण्यात काळा पडतो. लोण्याची चव हवी तर अर्धं तूप, अर्धं लोणी. जाड स्लाइसला प्रत्येक बाजूला साडेतीन ते चार मिनिटं. मध्ये दाबू नका, आतलं मिश्रण बाहेर येतं. झाला की मधोमध दाबल्यावर तो परत वर येतो. खड्डा तसाच राहिला तर आणखी एक मिनिट, झाकण ठेवून. दर घाण्यानंतर तवा पुसा, पडलेला कीस करपून पुढच्या टोस्टला कडू करतो.

सालीचा वास उडून जाणारा आहे. म्हणून कीस लावलेली थोडी साखर बाजूला ठेवा आणि टोस्ट उतरवल्या उतरवल्या वर भुरभुरा. एवढ्यानं जो फरक पडतो तो मिश्रणात दुप्पट कीस घालूनही पडत नाही.

धाराशिवहून

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी : २०० मिली दूध, दोन टेबलस्पून कस्टर्ड पावडर, एक टेबलस्पून दूध पावडर, साखर आणि कीस तेवढाच. पावडर आधी थंड दुधात कालवा. ती तळाशी बसते, म्हणून प्रत्येक स्लाइसच्या आधी ढवळा, नाहीतर पहिले टोस्ट पाणचट आणि शेवटचे पिठूळ. यात रस अजिबात नको, फक्त साल. दुधाचं प्रमाण जास्त आणि बांधून धरायला अंडं नाही. बेसन घालू नका, त्याचा वास मोसंबीला खातो.

भरायचा असेल तर कुंथलगिरीकडचा खवा दोन टेबलस्पून, मंद भाजून गार केलेला, त्यात पाव चमचा लिंबाच्या सालीचा कीस. दोन पातळ स्लाइसमध्ये, कडेला बोटभर जागा सोडून पसरा आणि कडा दाबून बंद करा. खव्यात साखर घालू नका, ती वितळून बाहेर येते आणि तव्याला धरते.

जालन्याहून

हंगामात कीस करून ठेवता येतो. चार मोसंब्यांचा कीस, पाच टेबलस्पून साखर, चोळून काचेच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये. दर खेपेला दीड टेबलस्पून काढायचा आणि मिश्रणात वेगळी साखर घालायची नाही. बरणी लगेच बंद करा, उघडी राहिली की तिला फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास लागतो.