क्रिकेट प्रेडिक्शनच्या पेजवर टॉवेलची जाहिरात द्यायची का? त्यांचा ८५ टक्क्यांचा दावा डेटावरून कसा तपासायचा?

टॉवेलवाला_भाचा
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आतापर्यंत सगळा माल व्यापाऱ्यांमार्फतच जायचा, आता मामांना वाटायलंय की थोडा माल आपल्या नावानं पण विकावा, म्हणून इन्स्टावर पेज काढलंय. तर एक क्रिकेट प्रेडिक्शनचं पेज आहे, सोलापूरचीच पोरं चालवतात, फॉलोअर बरेच आहेत, त्यांनी मामांना गाठलंय. म्हणतात आयपीएलच्या पूर्ण सीझनभर रोजच्या प्रेडिक्शनच्या पोस्टवर तुमचा लोगो टाकतो, पैसे एकरकमी आणि आधी. त्यांचं म्हणणं असं की आमची ८५ टक्के प्रेडिक्शन बरोबर येतात, लोकांचा आमच्यावर विश्वास आहे, तोच विश्वास तुमच्या ब्रँडला मिळेल.

मामा हो म्हणायच्या बेतात आहेत. मी त्यांना म्हटलं जरा थांबा, मी बघतो. एक्सेल चांगलं येतं, पायथन थोडंफार येतं. आता ८५ टक्के खरं आहे का हे कसं तपासू आणि खरं असलं तरी टॉवेल विकायला त्याचा उपयोग होईल का हे कशावरून ओळखू? कॉलेजचा प्रोजेक्ट पण यावरच करायचा विचार आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगा.

आकडेमोड
चांगला विषय घेतलास. पहिला प्रश्न त्यांना हा विचार, ८५ टक्के म्हणजे कशापैकी? मॅच कोण जिंकणार याचीच प्रेडिक्शन मोजलीत का "आज बुमराह धुमाकूळ घालणार", "आज मोठा स्कोअर होणार" असली पण धरलीत? कारण दोन विकेट काढल्या की धुमाकूळ का चार काढल्यावर, हे मॅचच्या आधी कुणी लिहून ठेवत नाही, आणि मग मॅच झाल्यावर ज्याला जसं हवं तसं बरोबर ठरवता येतं. असली वाक्यं सगळी बाजूला काढ. ज्याचा निकाल वाद न घालता लागतो तेवढंच मोज, म्हणजे कोणती टीम जिंकणार एवढंच.

दुसरं, त्यांच्या पेजवर मागं जाऊन मोजू नकोस, त्याचा काही उपयोग नाही. स्टोरी २४ तासांत जाते, पोस्ट डिलीट किंवा आर्काइव्ह करता येते, कॅप्शन नंतर बदलता येतं. आज पेजवर जे दिसतंय ते गाळून उरलेलं असू शकतं. संध्याकाळची मॅच साडेसातला आणि टॉस सातला, तर रोज टॉसच्या आधी स्क्रीनशॉट काढायचा, वेळ दिसली पाहिजे, आणि शीटमध्ये एक ओळ टाकायची: तारीख, मॅच, त्यांनी कोण सांगितलं, कधी सांगितलं. टॉसनंतर टाकलेलं वेगळ्या कॉलममध्ये, कारण तेव्हा त्यांच्याकडे टॉस आणि प्लेइंग इलेव्हन दोन्हीची माहिती आलेली असते. आणि ज्या दिवशी काहीच टाकलं नाही तो दिवससुद्धा नोंदव, अवघड मॅचला गप्प बसणारे खूप असतात.

आता नशीब किती ते बघ. आयपीएलच्या सीझनमध्ये २०२२ पासून ७४ मॅच होतात. नुसतं नाणं उडवून विजेता सांगितला तर साधारण ३७ बरोबर येतील, पण २८ ते ४६ च्या मध्ये कुठंही आकडा आला तरी तो नशिबाचा खेळ असू शकतो. म्हणजे एखाद्याचे ७४ पैकी ४५ आले, तो ६१ टक्के म्हणून बोर्ड लावेल, आणि तरीसुद्धा त्याला काही कळतं असं त्यावरून सिद्ध होत नाही. ८५ टक्के म्हणजे ७४ पैकी जवळपास ६३. टी-ट्वेंटीत हे कुणी सीझनभर खरोखर टॉसच्या आधी करून दाखवलं तर मी स्वतः त्या पोरांना भेटायला सोलापूरला येईन.

आणि पेजची तुलना नाण्याशी करून थांबू नकोस, साध्या मॉडेलशी कर. क्रिकशीट नावाच्या साइटवर आयपीएलच्या सगळ्या मॅचचा बॉल-टू-बॉल डेटा फुकट मिळतो, सीएसव्ही म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी फाइल पण आहे. त्यातून फक्त निकाल काढ आणि प्रत्येक टीमचं एलो रेटिंग ठेव. मूळ बुद्धिबळातली पद्धत आहे, फिफानं पण २०१८ पासून टीमच्या रँकिंगला त्याच धर्तीचं गणित घेतलंय. सगळ्यांना १५०० पासून सुरू कर, जिंकली की वाढ, हरली की कमी, आणि तगड्या टीमला हरवलं तर जास्त वाढ. दोन टीममध्ये १०० पॉइंटचा फरक असेल तर वरच्या टीमची शक्यता साधारण ६४ टक्के निघते. एक्सेलमध्ये होतं हे. फक्त मेगा ऑक्शन झालं की जुनी रेटिंग तशीच पुढं नेऊ नकोस, २०२५ च्या सीझनआधी जेद्दाहला ऑक्शन झालं आणि टीमच्या टीम बदलल्या, तेव्हा सगळ्यांना अर्धं तरी १५०० कडं ओढून घे. २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे मॅचमध्ये मधेच एक खेळाडू बदलायची सोय, पण आलाय, त्यामुळे स्कोअरचा अंदाज करणार असशील तर त्याच्या आधीचे स्कोअर जपून वापर.

ती पोरं टक्केवारी देत असतील, "आज मुंबई ७० टक्के" वगैरे, तर ब्रायर स्कोअर काढ, अंदाजाला मार्क द्यायची पद्धत आहे ती. हवामानवाल्यांचा आहे, १९५० चा. सांगितलेली शक्यता वजा निकाल (जिंकले तर १, हरले तर ०), त्याचा वर्ग. ७० टक्के सांगून जिंकले तर ०.०९, हरले तर ०.४९. ९० टक्के सांगून हरले तर ०.८१, म्हणजे उगाच छाती ठोकणाऱ्याला जबर दंड. सगळ्या मॅचची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. आणि जो रोज ५० टक्के म्हणतो त्याचा स्कोअर ०.२५ येतो, पेज त्याच्या वर गेलं तर विषय संपला.

पार्क_मैदान
एवढं कशाला करायलाय भावा. टक्केवारी बिक्केवारी सगळी बेकार असते. २०२४ ची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल आठव की, साउथ आफ्रिकेला ३० बॉलला ३० रन पाहिजे होते, सहा विकेट हातात, सगळे प्रेडिक्टर त्यांच्याकडं झुकलेले, आणि जिंकलो आपण ७ रननी. डेटावाले तोंडावर आपटले. लोकांना अंदाज बरोबर का चूक याचं काही पडलेलं नसतं, पब्लिक तिथं मजा करायला येतं. पेजवर गर्दी असेल तर लोगो टाकायला सांग, गर्दीला दिसला म्हणजे झालं.

आकडेमोड
दादा, फायनलचं पटत नाही. ९० टक्के म्हटलं म्हणजे दहातल्या एकदा उलटं होणार हे त्यातच सांगितलेलं असतं, बार्बाडोसला ती एक वेळ आली. मॉडेल चूक ठरवायचं असेल तर त्यानं ९० टक्के म्हटलेल्या सगळ्या मॅच एकत्र घ्याव्या लागतात आणि त्यातल्या किती हातातून गेल्या ते बघावं लागतं. एका मॅचवर मॉडेल पडत नाही आणि एका मॅचवर कुणी ज्योतिषी पण होत नाही.

लोकांना पडलेलं नसतं हे मात्र खरं असेल. पण मग पेजवाल्यांनी तेच सांगून पैसे मागावेत, ८५ टक्के सांगून नाही. ते मामांना विश्वास विकायलेत.

अजून एक सांगतो, हे टेलिग्रामवर फार चालतं. १६०० लोकांची यादी घ्यायची, ८०० ना सांगायचं चेन्नई, ८०० ना सांगायचं मुंबई. ज्यांना बरोबर गेलं त्या ८०० चे परत दोन भाग. चार मॅचनंतर १०० माणसं अशी उरतात की ज्यांनी चारपैकी चार बरोबर आलेली बघितलीत. त्या १०० जणांना काहीही समजावून सांगा, ऐकणार नाहीत, कारण त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून म्हणतो, तुझी शीट तू स्वतः भर, त्यांनी पाठवलेले स्क्रीनशॉट धरू नकोस.

पूर्वभाग_लूम
मी पूर्व भागातला, आमचं पण टॉवेल-चादरीचं आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. भाचेराव, सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे. आयपीएल असते मार्च शेवटापासून मेपर्यंत. तेव्हाच लग्नसराई असते. टॉवेल-टोपीचा मान, आहेर, पाहुण्यांना द्यायला डझनानं टॉवेल, हे सगळं त्याच दिवसांत जातं. वर उन्हाळा. म्हणजे एप्रिलमध्ये मामांचा माल जाहिरात न देता पण उठणारच आहे. आणि सीझन संपल्यावर ती पोरं येऊन सांगणार, बघा मामा, आमच्यामुळं विक्री वाढली, पुढच्या वर्षीचे पैसे द्या. मामांना ते खरंच वाटेल कारण वहीत आकडा वाढलेला दिसेल.

त्यामुळे आतापासूनच वही नीट कर. मागच्या वर्षीचा मार्च, एप्रिल, मे वेगळा काढून ठेव. व्यापाऱ्यांना गेलेला माल यात धरू नको, तो कशानं पण वर-खाली होतो, सुताचा भाव हलला तरी होतो. नावानं गेलेला किरकोळ माल तेवढाच धर. पेजवरच्या जाहिरातीला वेगळा व्हॉट्सॲप नंबर दे, जो दुसरीकडं कुठंच छापायचा नाही. आणि पूर्ण सीझनचं मान्य करू नको, एक आठवडा जाहिरात, एक आठवडा बंद, असं आलटून पालटून चालव. चालू आठवड्यात त्या नंबरवर आणि एकूणात पण फोन वाढले आणि बंद आठवड्यात खाली आले, असं दोन-तीनदा दिसलं तर मानू. कुठल्या आठवड्यात लग्नाच्या तिथी जास्त आहेत ते कॅलेंडरवर बघून शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेव, नाहीतर परत तीच फसगत.

आणखी एक, फॉलोअर कुठले आहेत? सोलापुरातल्या माणसाला टॉवेल इन्स्टावर बघून घ्यायची गरजच नाही, त्याच्या ओळखीत कुणाचा ना कुणाचा लूम असतोच. आपलं गिऱ्हाईक बाहेरचं, नाहीतर पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला आलेलं, नाहीतर लॉज-हॉटेलवाला. सोलापूरची अठरा-वीस वर्षांची पोरं लाखभर असली तरी त्यातून डझनाची ऑर्डर किती येणार?

टॉवेलवाला_भाचा
पूर्वभाग काका, लग्नसराईचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मामांना वाचून दाखवलं तर ते पण एकदम गप्प झाले. पेजवाल्यांकडं डेटा मागितला तर त्यांनी रीचचा, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली त्याचा, एक स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाले कॉमेंट बघा किती येतात. कॉमेंट खरंच भरपूर आहेत. मी विचार करायलोय की त्या कॉमेंट काढून त्यावर सेंटिमेंट ॲनालिसिस करावं, म्हणजे लोक पेजला चांगलं म्हणतात का वाईट ते कळेल. पायथनची कोणती लायब्ररी वापरू?

कॉमेंट_वाचते
लायब्ररी नंतर, आधी दोन-तीनशे कॉमेंट स्वतः बसून वाच. मी एका एजन्सीत ब्रँडचं सोशल लिसनिंग करते, म्हणजे लोक ब्रँडबद्दल ऑनलाइन काय बोलतात ते बघते, आमच्याकडं नवीन येणाऱ्याला पहिलं हेच काम देतात.

कारण सोलापूरच्या पेजवर एकाच पोस्टखाली रोमनमध्ये टाइप केलेलं मराठी असतं, हिंदी असतं, तेलुगू असतं, मधूनच कन्नड. आणि "जाळ अन् धूर", "वाट लावली", "फाडलं" हे सगळं कौतुक आहे, मशीनला ते भांडण वाटतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या भाषा-संशोधन गटानं २०२१ मध्ये महासेंट नावाचा मराठी ट्विट्सचा डेटासेट काढला, सुमारे १६,००० ट्विट्स, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह-न्यूट्रल खुणा केलेली, फार मोलाचं काम आहे ते आणि प्रोजेक्टसाठी तू जरूर वापर. पण तो देवनागरीतला आहे, तुझ्या कॉमेंटची भाषा वेगळी. म्हणून तू आणि एक मित्र, दोघांनी वेगवेगळं बसून त्याच कॉमेंटला खुणा करा आणि मग ताडून बघा. तुम्हा दोघांचंच जिथं जमत नाही तिथं मशीनकडून काय अपेक्षा ठेवायची. नावं आणि प्रोफाइल मात्र शीटमध्ये ठेवू नका, फक्त मजकूर पुरे.

वाचताना बघ की कॉमेंट कशावर आहे. टीमवर, खेळाडूवर, पेजवर का लोगोवाल्यावर? माझा अनुभव असा की मॅचच्या पोस्टखाली स्पॉन्सरबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. "तीन मित्रांना टॅग करा आणि बॅट जिंका" असली पोस्ट असेल तर तिथल्या कॉमेंट पूर्ण बाजूला काढ, तो आकडा फुगवलेलाच असतो.

आणि नाव किती वेळा आलं यावरून खूश होऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनचं नाव भारताच्या जर्सीवरून गेलं, तेव्हा ते नाव सगळ्यांच्या फीडवर होतं. नुसती संख्या मोजणाऱ्याला तो ब्रँडचा सगळ्यात मोठा आठवडा वाटला असता. सप्टेंबरमध्ये जर्सीवर अपोलो टायर्स आलं.

यावरूनच आठवलं, त्या पेजवर बेटिंग ॲपची लिंक किंवा "व्हीआयपी ग्रुप जॉइन करा" असलं काही चालतं का ते नक्की बघ. त्या कायद्यात जाहिरातीवर पण बंदी आहे. तसलं एक जरी दिसलं तर मामांचं नाव त्याच्या शेजारी अजिबात नको, कितीही स्वस्तात देऊ दे. आणि पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टवर जाहिरात असं स्पष्ट लिहायला पाहिजे, आस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत, हे त्यांना आधीच सांग.

टॉवेलवाला_भाचा
बघितलं ताई. बायोत एक टेलिग्राम ग्रुपची लिंक आहे, आत काय चालतं ते अजून कळलं नाही. मामांनी एकरकमी द्यायचं सध्या थांबवलंय. मी स्क्रीनशॉटची शीट चालू करतो आणि एलोचं पण करून बघतो. रीचच्या स्क्रीनशॉटऐवजी पेजवाल्यांकडून नेमकं काय मागू?

कॉमेंट_वाचते
इन्साइट्स म्हणजे इन्स्टाच पेजवाल्याला देतं ती आकडेवारी, त्यातलं ऑडियन्सचं पान माग, टॉप शहरं आणि वयोगट दोन्ही दिसतात त्यात. मागच्या तीन-चार जाहिरातींच्या पोस्टचे सेव्ह, शेअर आणि लिंकवरचे क्लिक माग, लाइक नकोत. त्यांच्यासमोर बसून मोबाइलवर बघ, पाठवलेला फोटो चालणार नाही. आणि टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये काय आहे ते त्यांनाच विचार, दाखवायला नाही म्हणाले तर तिथंच थांब.

पूर्वभाग_लूम
आणि मामांना म्हणावं तेवढ्याच पैशातले थोडे काढून पंढरपूर-तुळजापूरच्या लॉजवाल्यांना सँपलचे टॉवेल पाठवा, त्याला पण एक वेगळा नंबर द्या. दोन्ही नंबरचे फोन एकाच शीटमध्ये घे.